डाव्या बाजूचं रबर

“हलवा रे पोरांनो, हलवा! सकाळी दही-पाव खाल्ला ना, मग गेला कुठं तो?” बाबांचा हा आवाज गाडीच्या पोटाखालून यायचा. दिसायचे फक्त त्यांचे पाय, टाचेला भोक पडलेले मोजे आणि शेजारी लोळणारा पाना. नेदा नऊ वर्षांची, क्रुम पाचचा. दोघं चाकावरच्या पत्र्यावर पोट टेकून खाली दाबायची, सोडायची, पुन्हा दाबायची, आणि गाडी तळ्यातल्या बदकासारखी डुलायची. मग एकदम “थांबा!” म्हटलं की श्वाससुद्धा धरायचा. खाली अंधारात बाबा कान लावून पडलेले, वर ऊन, कोठारात सुकत घातलेल्या मिरच्यांचा वास, आणि क्रुमच्या नाकातून होणारी सूं-सूं. “क्रुमा, नाक पूस. तुझं नाक वाजतंय की गाडी वाजतेय, कळेना मला.” नेदाला तेव्हा वाटायचं, बाबा गाडीशी बोलतात, आणि ती त्यांना जे सांगते ते आईलासुद्धा कळत नाही. बाबांना जाऊन आठ वर्षं झाली. त्यांचा आवाज मात्र मेच्या एका कोरड्या सकाळी, प्लोव्दिवच्या त्राकिया वस्तीतल्या शाळेसमोरच्या गतिरोधकावर असा अवचित आला की तिचा पाय ब्रेकवरच राहिला. मागच्यानं हॉर्न मारला. पुढची चाकं उंचवट्यावरून उतरताना आधी डावीकडं टक्‌ झालं, आणि लगेच उजवीकडं लांबलचक कर्रर्र, जुन्या पलंगावर कुणी कूस बदलावी तसं.

गाडीचा हा आवाज आजचा नव्हता. मार्चपासून, म्हणजे बाबांची ही गाडी तिच्याकडं आल्यापासून, तो होता. पण पाऊस पडला की नाहीसा व्हायचा, दोन कोरडे दिवस गेले की परत यायचा, आणि तिनं त्याला पाहुण्यासारखं चालवून घेतलं होतं. आज तो निराळा लागला. आज मंगळवार, आणि शनिवारी आईचं अर्धं वर्ष. शनिवारी लोझानला, त्यांच्या गावच्या स्मशानात, उकडलेला गहू साखर घालून लोकांना वाटायचा होता, आणि त्याआधी गुरुवारपर्यंत आईचा कागद छापायचा होता: वर फोटो, खाली नाव, “सहा महिने तुझ्याविना”, त्याखाली चार ओळी आणि शेवटी कागद लावणाऱ्यांची नावं. दारावर, बसथांब्याच्या काचेवर, चर्चच्या भिंतीवर चिकटवायचा. असे कागद छापणं हा नेदाचा रोजचा धंदाच होता. स्टेशनमागच्या छोट्या छापखान्यात ती बावीस वर्षं दुसऱ्यांच्या मेलेल्यांच्या ओळी जुळवत आली होती. कुठल्या घरात काय शिजतंय ते तिला कागदावरून कळायचं. भावंडांचं बिनसलं की एकाच बापाचे दोन कागद छापायला येत. एका दारावर शेजारी शेजारी दोन फोटो, तोच माणूस, तेच हसू, खाली मात्र एकावर मुलाचं नाव, दुसऱ्यावर मुलीचं. आख्खं गाव दोन्ही वाचायचं आणि काही न बोलता पुढं जायचं. असा जोडकागद छापताना तिला दर वेळी अंगात गार काहीतरी सरकल्यासारखं व्हायचं, आणि ती मनाशी म्हणायची, आमच्या दारावर असं व्हायचं नाही. आमचं दार एक, आमचा कागद एक. मुलगी व्हिएन्नात, नवरा केव्हाचा दुसरीचा झालेला. तिचं म्हणावं असं माणूस आता क्रुमच.

दुपारी ती गाडी घेऊन स्तामेन मिस्त्रीकडं गेली. वस्तीमागं पत्र्याच्या गॅरेजांची रांग आहे. कुणाच्या गॅरेजात लोणच्याच्या बरण्या, कुणाच्यात कबुतरं, शेवटच्यात स्तामेन, त्याचा खड्डा आणि त्याचा खोकला. बाबांचा हा पलटणीतला दोस्त सत्तरी ओलांडून गेलेला. “आली का प्रिन्सेस?” तो म्हणाला, “तुझा बाप असता तर या गाडीला मला बोट लावू दिलं नसतं. म्हणायचा, तू तोफा दुरुस्त कर.” त्यानं गाडी खड्ड्यावर घेतली, खाली उतरला आणि ओरडला, “हलव ग!” नेदा पत्र्यावर वाकली. एकावन्न वर्षांच्या बाईनं चाकावरच्या पत्र्यावर पोट टेकणं दिसायला काही बरं दिसत नाही, कबुतरवाला बघत होता, पण तिनं दाबलं, सोडलं, दाबलं. टक्‌. कर्रर्र. टक्‌. कर्रर्र. खालून स्तामेन म्हणाला, “दांड्याचे बुश. या चाकापासून त्या चाकापर्यंत एक आडवा दांडा जातो बघ, वळणावर गाडी कलू नये म्हणून. दोन रबरांत बसवलेला असतो. रबर कडक झालं की असं रडतं. ओलं झालं की गप्प. लहान मुलांच्या उलट.” मग टॉर्चचा उजेड इकडून तिकडं फिरत राहिला. “नेदे, ही गाडी कुठं ठोकली होती?”

“कुठंच नाही.”

“मला नको सांगूस कुठंच नाही. खाली ये.”

ती खड्ड्यात उतरली. तेलाचा, मातीचा, गंजाचा वास. स्तामेननं उजेड आधी उजवीकडं धरला. तिथलं रबर काळं, तडे गेलेलं, म्हाताऱ्या गाईच्या कासेसारखं सुकलेलं. वरची पट्टी गंजून तांबडी, तिच्यावर वीस वर्षांची माती. मग त्यानं उजेड डावीकडं नेला. डावीकडचं रबर मऊ, निळसर काळं. पट्टी स्वच्छ, बोल्टांची डोकी चकचकीत, चाकाला धरणारा खालचा लोखंडी हातसुद्धा निराळ्या रंगाचा, कुठल्यातरी मोडीतल्या गाडीचा. स्तामेननं दांडा धरून हलवला. दांडा भोकात खुळखुळला. “हे रबर जाड दांड्याचं आहे. मॉडेल हेच, साल निराळं. म्हणून टक्‌ वाजतंय. हे बघ पोरी, रबरं कुणी एक बदलत नाही. बदलली की जोडीनं बदलतात, आपण दोन्ही पायांत बूट घालतो तसं. एकच बाजू नवी कधी असते? ती बाजू ठोकलेली असते तेव्हा. आणि हे कुणा मिस्त्रीचं काम नाही. मिस्त्री गाडी चाकांवर उभी करून शेवटचं आवळतो. यानं चाकं लोंबकळत ठेवून आवळलंय, सगळं पिळलेलं आहे. ज्यानं केलं त्याला घाई होती.”

क्रुम. तिच्या मनात नाव आलं, त्याच्या आधी त्याचे हात आले: आखूड बोटांचे, अंगठ्याचं नख कायम काळं. गाडी देताना तो म्हणाला होता, “घे ताई. खरचटलीसुद्धा नाहीये. बाबांनी ठेवली तशी आहे.” खरचटलीसुद्धा नाहीये: विचारलं नव्हतं तरी म्हणाला होता. तेव्हा तिला ते मायेचं वाटलं होतं. आता तेच वाक्य तिनं उलटसुलट करून पाहिलं, नोटेवरचं जलचिन्ह उजेडात धरून बघावं तसं. तीन वर्षांपूर्वी आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि तिनं गाडीची किल्ली खिळ्याला अडकवून ठेवली. क्रुमचं लायसन्स दारूपायी दोन वर्षांसाठी काढून घेतलेलं. म्हणजे गाडी कोठारात ताडपत्रीखाली झोपलेली होती. झोपलेल्या गाडीचं कंबरडं कसं मोडतं? आणि मार्चमध्ये लायसन्स परत मिळालं, त्याच आठवड्यात त्यानं गाडी तिच्या दारात आणून उभी केली. आणली तीसुद्धा शेजारच्या पोराला चालवायला लावून. “मला आपली बस बरी,” म्हणाला. तो कामाला जायचा त्या असेनोवग्रादच्या लाकूड वखारीपर्यंत अकरा किलोमीटर, बसला दीड तास ताटकळायचं, आणि म्हणे बस बरी. तिनं त्याच्या गालाचा मुका घेतला होता. मूर्ख बाई.

“दोन्ही बदलतो,” स्तामेन म्हणाला. “तासाभराचं काम.”

“नको.”

“म्हणजे?”

“आहे तसंच राहू दे. वाजू दे.”

स्तामेननं चष्मा कपाळावर चढवला. “पन्नास वर्षं झाली या धंद्यात. आवाज घालव म्हणणारे आले, आवाज होता हे बायकोला सांगू नको म्हणणारेसुद्धा आले. आवाज राहू दे म्हणणारी तू पहिली.” तिच्या तोंडाकडं बघून त्यानं टॉर्च विझवला. खड्ड्यातून वर येताना, जिन्याची पायरी मोजावी तशा हळू आवाजात तो एवढंच म्हणाला, “क्रुमला विचार. पण पोरी, विचारायच्या आधी मनात उत्तर लिहून ठेवू नकोस.”

पण उत्तर लिहिलं जातच होतं. बुधवारभर ती छापखान्यात दुसऱ्यांच्या ओळी जुळवत होती आणि डोक्यात नोव्हेंबरचा तो आठवडा पुन्हा पुन्हा फिरत होता. तेव्हा दुःखाच्या पाण्यानं सगळं गुळगुळीत दिसलं होतं. आता पाणी ओसरलं, आणि खालचे दगड एकेक करून वर येत होते. सतरा तारखेला रात्री क्रुमचा फोन आला, “आई गेली. झोपेत. हृदय.” ती पहाटे पहिल्या बसनं पोचली तेव्हा आई मधल्या खोलीत, आरशांवर चादरी, खिडकी उघडी. बायका भिंतीशी बसून हळूहळू झुलत आईला म्हणत होत्या,

ऊठ ग व्हेलिके, अंगण झाडायचं,
दारातलं गवत कुणी ग काढायचं,

आणि शेजारच्या स्तोयनाआजीनं नेदाचे दोन्ही हात धरून सांगितलं, “रडू नको बाळ, उजेडात गेली. हातात मेणबत्ती होती तिच्या. तुझ्या भावानं वेळेवर लावली.” गावाकडं याहून मोठं समाधान नाही. मेणबत्तीशिवाय गेलेला जीव पलीकडं अंधारात चाचपडत राहतो, त्याला कुणी वाट दाखवत नाही. त्या एका वाक्यावर नेदा सहा महिने जगली होती. पण आता, अक्षरांवरून बोट फिरवता फिरवता, ते थांबलं. झोपेत गेली, तर मेणबत्ती वेळेवर कशी? झोपेत जाणाऱ्याची वेळ कुणाला कळते? आणि आईचे बूट. पुरताना तिला बाहेरचे काळे बूट घालायचे होते, ते कोनाड्यात नव्हतेच. शेवटी स्तोयनाआजीनं आपल्या सुनेचे आणले. आणि कोठाराचं दार. तीन दिवस घरात पन्नास माणसं, बाकं हवी होती, टेबलं हवी होती, सगळं कोठारात, आणि क्रुम म्हणाला, किल्ली सापडत नाही. बाकं चर्चमधून आणली. आणि क्रुम आईजवळ बसला तो तीन दिवस हलला नाही, जेवला नाही. लोक म्हणाले, केवढी माया पोराची. नेदा आता मनाशी म्हणत होती, केवढी भीती.

दुपारी मालकीणबाई जेवायला गेली तेव्हा नेदानं गेल्या नोव्हेंबरच्या फायली उघडल्या. त्या आठवड्यात गावाकडच्या त्या रस्त्यालगत कोण कोण मेलं? म्हाताऱ्या, म्हातारे, एक शिक्षक. आणि एक एकतीस वर्षांचा, “अचानक आणि निष्ठुरपणे आमच्यातून हिरावला गेला,” तारीख सतरा, गाव लोझानच्या पलीकडचंच. फोटोत तो हसत होता, कानाजवळचे केस वाऱ्यावर उडालेले. तिनं त्याला रस्त्याच्या कडेनं चालताना पाहिलं, मागून डाव्या बाजूनं येणारी बाबांची हिरवी गाडी पाहिली, स्टिअरिंगवर क्रुमची आखूड बोटं पाहिली, त्याच्या तोंडाला येणारा द्राक्षांच्या दारूचा वास तिला आला. आणि त्या गडबडीत घरी एकटी आई, पाणी मागणारी, कुणी नाही. तिनं कागद नीट वाचला. शेवटची ओळ होती, “परमुलखात, स्पेनच्या मातीत.” पोरगा बांधकामावर मेला होता, तीन हजार किलोमीटर लांब. तिला हसू आलं, मग लाज वाटली, मग राग आला, आणि राग पुन्हा क्रुमवरच. आपण एका परक्या पोराचं मरण भावाच्या पदरात घालायला निघालो होतो, हे त्याच्यामुळं. त्यानं सरळ सांगितलं असतं तर आपलं मन असं उकिरडा उकरत बसलं नसतं.

संध्याकाळी त्याचाच फोन आला. “ताई, गहू पाच किलो पुरेल का? आणि कागदावर काय लिहिलंस?”

“लिहिलं नाही अजून.”

“मी म्हणतो, त्या चार ओळींत घरातच गेली, शांत गेली, असं काहीतरी घाल. लोक वाचतात.”

तिच्या कानाला ते टोचलं. लोक वाचतात. “कागद दोन छापावे म्हणते,” ती म्हणाली.

पलीकडं टीव्हीवर फुटबॉलची मॅच चालली होती. ती बंद झाली. “कशाला दोन? चर्चला एक, दारावर एक, असं?”

“नाही. दुसऱ्या प्रकारचे दोन.”

तिला त्याचा श्वास ऐकू येत होता, नाकातली ती लहानपणची सूं-सूं. मग तो म्हणाला, “तू दमलेली आहेस. झोप.” आणि फोन ठेवला. आपण जे बोललो ते तिला तिच्याच आवाजात पुन्हा ऐकू आलं. एकच दार, आणि त्यावर दोन आया. पण तिनं ते परत घेतलं नाही. खोटं बोलणाऱ्याच्या नावाशेजारी, एकाच काळ्या चौकटीत, आपलं नाव ती कसं लावणार होती? बावीस वर्षं लोकांची खोटी वाक्यं तिनं शुद्धलेखन तपासून छापली होती. आपल्या आईच्या फोटोखाली ती छापणार नव्हती.

गुरुवारी दुपारी ती लोझानला निघाली. आठवडाभर पाऊस नव्हता. रस्ता पांढरा, दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे, लिंडेनच्या झाडांना नुकताच फुलोरा, आणि तिच्या पायाखाली प्रत्येक खड्ड्याला टक्‌, कर्रर्र. तिनं खड्डे चुकवले नाहीत. उलट शोधून शोधून चाक घातलं. आपण पुरावा घेऊन निघालोय, असं तिला वाटत होतं, आणि पुरावा सारखा बोलत होता.

क्रुम मळ्यात वेली बांधत होता. गल्लीच्या टोकाला गाडी वळली, चर्चसमोरच्या दगडी चरावरून उतरली, कर्रर्र झालं, आणि तिला लांबूनच दिसलं की तो ताठ उभा राहिला. सुतळी त्याच्या हातातून लोंबत राहिली. ती जवळ येईपर्यंत तो तसाच होता. सत्तेचाळीस वर्षांचा दांडगा माणूस, कानापर्यंत आलेली पांढरी दाढी, आणि डोळे शाळेत मार खाल्लेल्या पोराचे.

“स्तामेन मेला की काय?” तो म्हणाला. “दुरुस्त करून घ्यायचं ना.”

“स्तामेन ठणठणीत आहे. बस गाडीत.”

“हात मातीचे आहेत.”

“बस, क्रुमा.”

त्यानं पाटलोणीला हात पुसले, गाडीला वळसा घातला आणि मागचं दार उघडलं.

“पुढं बस. मी काय टॅक्सी चालवते?”

“मागं बरा आहे मी.”

“पुढं.”

तो पुढं बसला. तापलेल्या चुलीवर बसावं तसा, पाठ न टेकता, गुडघे दाराकडं वळवून. नेदानं ते पाहिलं आणि मनातल्या यादीत लिहिलं. असेनोवग्रादच्या रस्त्याला लागल्यावर तिनं गाडीलाच बोलू दिलं. टक्‌. कर्रर्र. क्रुमनं खिडकी खाली केली, पुन्हा वर केली. नदीच्या वळणावर लहान पूल आहे, दगडी कठड्याचा. कठडा डाव्या हाताला एका जागी नव्या सिमेंटनं सांधलेला तिला दिसला, आणि त्याच क्षणी तो म्हणाला, “थांबव.”

तिनं गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केल्यावर बेडकांचा आवाज आला. खाली वेत, आणि वेतांत ऊन.

“इथं ठोकलीस ना?” ती म्हणाली. “लायसन्स नसताना. पिऊन.”

“नाही.”

“क्रुमा, डावी बाजू आख्खी बदललेली आहे. तूच बदललीस, मोडीतलं सामान आणून. घाईत. स्तामेननं एका नजरेत ओळखलं.”

“बदलली मीच. पण ठोकली मी नाही.”

“मग कुणी? त्या गावात ही गाडी आणखी कुणाला चालवता येते? कोंबड्यांना?”

त्यानं तिच्याकडं पाहिलं. तिनं पुढचा टोमणा तोंडात धरला आणि तो तिथंच विरघळला. कारण तिला आईचे बूट आठवले. बाहेर जायचे काळे बूट.

“दिवे चालू होते,” क्रुम म्हणाला. तो तिच्याशी बोलत नव्हता, समोरच्या काचेशी बोलत होता. “अंधार पडला होता. लांबून मला वाटलं, कुणीतरी मासे धरतंय, वेतांवर उजेड पाडून. जवळ आलो तर आपली गाडी. कठड्याला टेकलेली. फार जोरात नाही ग, नुसती टेकलेली, चाक मुडपलेलं. इंजिन चालू. ती सरळ बसलेली, सीट पार पुढं ओढलेली, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मी काचेवर टकटक केली. मला वाटलं, घाबरून बसलीय. मी म्हटलं, आई, काही नाही, पत्राच आहे. दोनदा म्हटलं.”

नेदाचेही दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. तिनं ते काढून मांडीवर ठेवले.

“डॉक्टर म्हणाला, हृदय. ते खरं आहे ताई. वळणाच्या आधीच थांबलं असेल, तसं होतं म्हणतात कधी कधी. पण रस्त्यावर सापडली असती तर नेली असती शहरात, टेबलावर घातली असती, फाडली असती. तुला माहीत आहे ती कशी घाबरायची त्याला. आणि मेणबत्ती नाही. रस्त्यात, एकटी, मेणबत्ती नाही. मी तिला उचलून इथं ठेवली.” त्यानं आपण बसलो होतो त्या सीटवर तळवा ठेवला, आणि लगेच उचलला. “पट्टा लावला. दुसऱ्या गिअरमध्ये आणली घरी. तीन किलोमीटर. आख्खी वाट हे असं वाजत होतं, याच्या दहापट, आणि तिचं डोकं त्या तालावर माझ्या खांद्याला लागत होतं. मी तिला सांगत होतो, घरी गेल्यावर बघतो ग, घरी गेल्यावर बघतो. घरी मेणबत्ती लावली, बोटं मिटवली तिची. अजून मिटत होती. मग स्तोयनाआजीला हाक मारली. बूट तिला पाहवेनात म्हणून नदीत टाकले. तिला म्हणजे मला.”

बेडूक थांबले, पुन्हा लागले. पुलावरून एक गाढवगाडी गेली, गाडीवानानं टोपीला हात लावला, दोघांनीही माना हलवल्या. नेदाला भावाला हात लावायचा होता, पण हात निघेना. सहा महिन्यांचं समाधान गेलं होतं, आणि तीन दिवसांचा संशयही गेला होता, आणि दोन्हींच्या जागी काय आलं ते तिला समजत नव्हतं. फक्त एक बारीक काटा अजून होता. तो तिला सापडला तेव्हा तिला स्वतःचीच भीती वाटली. नोव्हेंबरात तिनं आईला दोन आठवडे फोन केला नव्हता. काही भांडण नव्हतं, उगीच, कामं होती. हा रस्ता असेनोवग्रादला जातो, आणि तिथून प्लोव्दिवला.

“क्रुमा,” ती म्हणाली. तिचा आवाज तिला परका लागला. “तीन वर्षं तिनं किल्लीला हात लावला नव्हता. धड दिसत नव्हतं तिला. ती निघाली होती कुठं? माझ्याकडं?”

तो नखातली माती काढत राहिला. एक बोट झालं, दुसरं झालं. तिला वाटलं, हा हो म्हणणार, आणि आपण ते जन्मभर घेऊन चालणार. त्यालाही ते दिसलं असावं. हो म्हटलं असतं तर त्याच्या डोक्यावरचं सगळं उतरून तिच्या डोक्यावर गेलं असतं, आणि कुणालाच कधी कळलं नसतं. त्यानं मान वर केली.

“नाही ग. तुझ्याकडं नाही. मला आणायला. साडेचारची बस चुकली माझी. प्यालेला नव्हतो, थंडी नव्हती, काही नव्हतं. सामान्य दिवस होता. चालत आलो असतो, शेवटी चालतच आलो ना. मी फोन केला तिला, ताई. नाही म्हणत होती, म्हणाली दिसत नाही रे मला संध्याकाळचं. मीच म्हटलं, ये.”